शेवटी सोडायचा सूर

वस्ताद,

परवा तुमच्या सुंदरचं लग्न झालं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरात माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तुमचं तेरावं झालं, आणि गयावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, थांबून काय करायचं? ते असते तर थांबले असते व्हय? पोरगी पाळण्यात होती तवापासून तिच्या लग्नात वाजवायची घाई लागली व्हती त्यांना." म्हणून मांडव टाकला. औंढ्याच्या आसपासच्या निम्म्या पोरी ज्या माणसानं सनई वाजवून सासरी धाडल्या, त्याच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात सनई कोण वाजवणार, हा प्रश्न मात्र ज्यानं त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गिळला. माझ्याकडं बघितलं, कारण मी जन्मभर तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो. गिळला, कारण मला काय येतं ते गावाला ठाऊक आहे. मला एक सूर येतो. एकच.

तर ते लग्न कसं झालं हे तुम्हाला सांगायला बसलो आहे. सरळ सांगणं माझ्या हातून होणार नाही. मी शिंपी, आधी अस्तर बेततो, मग कापडाला हात घालतो.

अस्तर म्हणजे माझ्या तोंडातल्या टाचण्या. तुम्हाला आठवतं? देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत माझं दुकान, दुकान म्हणजे एक मशीन आणि एक बाकडं. तुम्ही सनईला खोळ शिवून घ्यायला आला होता. मी एका पाटलाच्या अंगावर कोट बेतत होतो आणि तोंडात ओठांच्या कडेनं टाचण्या धरल्या होत्या. लोक शिंप्याच्या हाताकडं बघतात. तुम्ही माझ्या नाकाकडं बघत बसला.

"मास्तर, बोलत न्हाई काहून?"

मी टाचण्यांकडं बोट केलं.

"मंग दम कुठून घेता?"

मी नाकाकडं बोट केलं. तुम्ही उठलात ते बाजारात मनासारखा बैल दिसल्यावर कुणबी उठतो तसे. तुमचा धाकटा भाऊ, जो तुमच्यामागं सूर धरायचा, तो नुकताच नांदेडच्या गिरणीत कामाला निघून गेला होता आणि लग्नसराई तोंडावर आली होती. पाटील अर्ध्या कोटात उभा आणि तुम्ही मला म्हणताय, "मला असाच माणूस पायजे. तोंड बंद, नाक चालू."

सूर धरणं हे काय काम आहे ते मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. सनईसारखीच नळी, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच स्वर निघतो. तो धरायचा. सनई वर जाईल, खाली येईल, लाडात येईल, रुसेल, आपण तिथंच. लोक विचारतात, "मग पुढं काय करायचं?" पुढं काही नाही. मी दुकानात तेच करतो. माणसं येतात, जातात, मी मशीनपाशी. म्हणून मला वाटलं, जमेल.

नाही जमलं. गालात वारा साठवून फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं आत घ्यायचा, हे तुम्ही मला पाण्याच्या वाटीत शिकवलं. वाटीत पोकळ काडी घालून फुंकायचं, बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. मी घरी सराव करायला बसलो की आमची मंडळी आतून ओरडायची, "म्हैस पानी पिऊन राहिली का काय घरात?" एकदा मी हसलो आणि वाटीतलं पाणी नाकात गेलं. तुम्ही पाठीत धपाटे घालत होता आणि म्हणत होता, "मास्तर, सूर बाहेर काढायचा असतो. पिऊन टाकायचा नसतो."

पण एक गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितली आणि ती मात्र मी चुकलो नाही. "सूर आधी धरायचा, शेवटी सोडायचा. मी येतो, जातो. दार उघडं तुमी ठेवायचं."

चुकलो नाही म्हणजे किती चुकलो नाही! माझं पहिलं लग्न. (माझं म्हणजे वाजवायचं. माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा तुम्ही वाजवलंत आणि मी घोड्यावरून उतरताना पडलो, तो किस्सा वेगळा.) अक्षता पडल्या, तुम्ही सनई अशी काही लावलीत की माझे डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. तुम्ही थांबला, संबळवाल्या गणपतनं संबळ गुंडाळला, मंडळी उठली, पंगत बसली, वरण वाढून झालं, आणि मी आपला कोपऱ्यात डोळे मिटून सूर धरून बसलेला. शेवटी सोडायचा, म्हणजे तुम्ही सोडल्यावर. पण तुम्ही सोडलं हे कळायला डोळे उघडे पाहिजेत, हे तुम्ही सांगितलं नव्हतं! तुम्ही पंगतीतून उठून आलात. मिशीला वरण. खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "मास्तर, शेवटी सोडायचा हे खरं. पन जेवणाच्या आधी."

सगळी पंगत हसली. पुढं वर्षानुवर्षं ज्या गावाला जावं तिथं पोरंटोरं विचारायची, "शिंपीबुवा, जेवले का?"

आणि तो नवरदेव! त्याचा कोट मीच शिवलेला, मीच त्याच्या लग्नात सूर धरून बसलेलो, आणि तो वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकला तसा पाठीमागं काखेपासून कमरेपर्यंत माझी टीप उसवत गेली. मला आवाज ऐकू आला. तुम्हालाही आला. तुम्ही सनई न थांबवता डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलंत, आणि त्या टर्रर आवाजासारखी एक हरकत सनईतून काढलीत. माझा सूर तुटला तो तेवढा एकदाच. हसून तुटला. त्याचा बोल माझ्यावर आला. कोटाचाही आला.

वस्ताद, तेव्हा औंढ्यात सकाळ कोण करायचं, तर तुम्ही. नागनाथाच्या दाराशी तुम्ही बसायचा, मी शेजारी डोळे चोळत. सनई थांबली की दुकानं उघडायची. बायका चुलीपुढून उठायच्या. कुणाला रागदारी कळत नव्हती, पण तुम्ही एखाद्या दिवशी घाई केलीत तर दुपारी दुकानात गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "लिंबाजी वस्तादाच्या घरी काही तकलीफ हाय काय? आज लवकर आटोपलं." लग्नाची तारीख काढायची तर आधी तुमच्याकडं सुपारी यायची आणि मग भटजींकडं. भटजींना त्याचा राग यायचा, पण त्यांच्याही पोरीच्या लग्नाला तुम्हीच.

मग तो फोनो आला.

जर्मनची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पूर्णेकाठच्या एका गावात लग्न. मुलीच्या बापानं सुपारी आपल्याला दिलेली. नवरदेवाचा मामा हिंगोलीचा अडत्या. तो येताना पेटी घेऊन आला. वर पितळेचा भोंगा, बाजूला चावी, आणि सनईची एक तबकडी. कुण्या दूरच्या मोठ्या शहरातल्या वाजवणाऱ्याची. आपण बैलगाडीतून उतरलो तेव्हा मांडवात आपल्या आधी सनई चालू होती. तुम्ही जागच्या जागी उभे राहिलात. माझ्या मनात आलं, आता हा माणूस गाडीत बसून परत जाणार. तुम्ही मान तिरकी करून ऐकलंत आणि म्हणालात, "ह्यो वाजवणारा जेवलेला हाय."

मामा म्हणाला, "या या वस्ताद! तुमी आता आराम करा. पान खा. वाजवायला बाजा हाय."

मुलीचा बाप बिचारा कानकोंडा झाला. "मामासाहेब, सुपारी दिलेली हाय हो. दोन्ही वाजू द्या."

"वाजू द्या की! बराबरीनं वाजवा," मामा म्हणाला. मांडवात हशा.

मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही गुपचूप सनईच्या तोंडाची पाती बदललीत आणि मला म्हणालात, "मेण काढा. त्या पेटीच्या सुराला लावा." मी लावला. अक्षता पडल्या, मामानं तबकडी सोडली, आणि तुम्ही त्या न दिसणाऱ्या माणसाच्या बाजूला जाऊन असं काही वाजवलंत की क्षणभर मला वाटलं, पेटीच खूश झाली. कुठली सनई भोंग्यातली आणि कुठली माझ्या शेजारची, बाया एकमेकींना विचारू लागल्या.

पण चावी द्यायची मामानं, आणि मामा गेला व्याह्याला भेटायला. चावीनं ताणलेली आतली कमान ढिली पडत गेली. तबकडी मंदावली, आणि आवाज हळूहळू उतरायला लागला, तापातून उठलेला माणूस पायऱ्या उतरतो तसा. मी धरून बसलो. माझं काम काय? धरायचं. मला वाटलं, आता कळेल सगळ्यांना यंत्र म्हणजे काय चीज असते. आणि ऐकतो तर काय, तुम्ही उतरत होता! ओठ सैल करत करत, पेटीच्या सोबतीनं, तिचा हात धरल्यासारखे खाली खाली. आता पेटी आणि तुम्ही एकीकडं, आणि वर एकटा मी, सुईसारखा टोचत.

"अरं ह्या शिंप्याला काय झालं?" कुणीतरी ओरडलं. "कान फोडतो का काय!"

तुम्ही डोळ्यानं खुणावलंत, उतरा. मी नाही उतरलो. तुम्ही पुन्हा खुणावलंत. मी डोळे मिटून घेतले. मला ती जुनी सवय होतीच. तेवढ्यात मामा धावत आला, त्यानं चावी दिली, पेटी धडपडत वर चढली, तुम्हीही तिच्या मागं चढलात आणि माझ्या सुराला येऊन मिळालात. मांडवातले म्हातारे माना डोलवून म्हणाले, "हां! आता शिंपी जमला!"

येताना गाडीत आपण जे भांडलो, ते भांडण अजून चालू आहे. निदान माझ्याकडून. मी म्हणालो, "यंत्र उतरलं ते उतरलं, तुमी काहून उतरलात?"

"पोरीच्या गळ्यात हार पडून राहिला व्हता, मास्तर. तिला जन्मभर काय आठवायला पायजे? आपली मारामारी?"

"खरा सूर आठवायला पायजे."

"माणूस कुबडा असला तर अंगरखा कसा शिवता?"

"कुबड धरून शिवतो. पन टीप सरळ मारतो."

"मंग झालं. मी टीप सरळच मारली. अंगरखा तेवढा खाली घेतला."

मी चिडलो. म्हणालो, "उद्या ही पेटी गावोगाव जाईल आणि आपल्याला कुणी विचारणार न्हाई. तुमी तिला बाजूला बसवून घेता, तिच्या चुका झाकता!" तुम्ही पुढं वाकून बैलाच्या पाठीवरची माशी हाकललीत. मग म्हणालात, "मास्तर, तुमचा बाप हातशिलाई करायचा. तुमी मशीन आणलं तवा मी खोळ तुमच्याचकडं शिवायला आणली का न्हाई?"

याची मी नंतर अनेक उत्तरं घेऊन तुमच्याकडं आलो. एक उत्तर तर मी दुकानातल्या गिऱ्हाइकावर आजमावून पाहिलं, त्या नादात त्याच्या पायजम्याचे दोन्ही पाय एका मापाचे शिवायचे राहिले. तो पायजमा घेऊन भांडायला आला तेव्हा तुम्ही बाकड्यावर बसला होता. तुम्ही त्याला गंभीरपणे सांगितलंत, "ह्यो एक पाय उतरलेला हाय. दुसरा मास्तरांनी धरून ठेवला."

पुढं जे झालं ते मी म्हटलं तसंच झालं, पण मी म्हटलं तसं नाही. मला वाटलं होतं, लोक आपल्याला हाकलतील. मग आपण भांडू. कुणी हाकललं नाही. सुपाऱ्या येत राहिल्या. मांडवात गेलं की पाट, नारळ, पान, सगळं पहिल्यासारखं. फक्त म्हणायचे, "वस्ताद, बसा. थोडं वाजवा सुरुवातीला, मंगल असतं. मग बाजा हायच." मान आपला, वाजवणं पेटीचं. संबळ बांधून घेऊन यायचा आणि बांधून परत न्यायचा, याला कंटाळून गणपत शेतीच्या कामाला लागला. मी संतापायचो. तुम्ही पान खायचा.

आणि मग एक गोष्ट मला कळली, ती बरेच दिवस मी तुमच्याकडं काढली नाही. दुपारी देवळाकडून येताना तुम्ही बाजारात नव्यानं निघालेल्या फोनोच्या दुकानापाशी थांबायला लागला होता. तीच सनईची तबकडी, पुन्हा पुन्हा. मी एकदा तणतणत तिथं आलो. तुम्ही मला ओढून बसवलंत.

"ऐका. त्याच्या मागचा सूर ऐका."

"काय ऐकायचं त्यात? एकच तर असतो."

"व्हय, पन कसा हाय बघा. गडी कुठं हलत न्हाई." मग तबकडी उचलून तुम्ही दुकानदारापुढं धरलीत. "याच्यावर काय काय लिहिलंय? वाचून दाखवा."

त्यानं वाजवणाऱ्याचं नाव वाचलं, रागाचं वाचलं.

"आन् सूर कुणी धरला त्याचं?"

"ते न्हाई लिहीत, वस्ताद."

"काहून?"

दुकानदार हसला. तुम्ही हसला नाहीत. मला कोपरानं ढोसून म्हणालात, "बघा मास्तर, एवढा मोठा वाजवणारा, पन दार कुणी उघडं ठेवलं त्याचा पत्ता न्हाई." मी विषय बदलायला काहीतरी वेडंवाकडं बोललो. बहुतेक असं बोललो, की बरं झालं, नाहीतर त्यालाही पोरांनी जेवलात का विचारलं असतं. तुम्हाला ते आवडलं. पण घरी येऊन मी त्या दिवशी एकही टाका घातला नाही.

गेल्या वर्षाचं काय सांगू. रझाकारांच्या धामधुमीत निम्मं गाव हद्द ओलांडून वाशिमकडं गेलेलं. लग्नं लावायची ती घरात, दार लावून, आवाज न करता. तुम्ही नागनाथ सोडला नाहीत आणि मी मशीन. देवळाच्या दाराशी सकाळी सनई वाजत नव्हती, तरी लोकांचे डोळे त्याच वेळी उघडायचे, असं आमची मंडळी म्हणायची. निजामाचं राज्य गेलं, माणसं परत आली, लग्नांचा नुसता पाऊस पडला. पण तोवर तुमचा दम गेला होता. दोन पावलं टाकली की तुम्ही भिंतीला टेकायचा. आणि सुंदरचं लग्न ठरलेलं.

तुम्ही मला बोलावलंत. दुपारची वेळ, ओसरीवर ऊन आलेलं. मांडीवर सनई, मी शिवलेल्या खोळीतून काढलेली. (ती खोळ मी पहिल्यांदा इतकी घट्ट शिवली होती की सनई आत गेली आणि बाहेर यायला तयार नव्हती, तुम्ही म्हणाला होता, "मास्तर, हिला सासरी नांदवायला दिली का काय?") म्हणालात, "सूर धरा."

मी धरला. तुम्ही सनई ओठाला लावली नाहीत. नुसती बोटं ठेवलीत आणि बोटं चालायला लागली. सगळं. सुरुवात, चढ, त्या तुमच्या लाडक्या जागा. आवाज फक्त माझा. एकच. गयावहिनी आतून येऊन उंबऱ्यात बसल्या. मी तुमच्या बोटांकडं बघत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. मला म्हणजे, ज्याला आयुष्यात एक सोडून दुसरा स्वर काढता आला नाही त्याला.

झाल्यावर तुम्ही विचारलंत, "कसं झालं?"

मी म्हणालो, "मधल्या बोटाला एकदा चुकलात."

तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली, आणि वहिनींनी मला शिव्या घातल्या. मग रोज दुपारी. रोज मी काहीतरी चूक काढायचो, कारण मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं. खरं काय ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही मी, वस्ताद. माझ्या तोंडात नेहमी काहीतरी असायचंच, टाचण्या नाहीतर सूर. आणि दोन्ही नसलं की थट्टा.

आता कापडाला हात घालतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुंदर दुकानात आली. हळदीच्या अंगानं. मी म्हणालो, "पोरी, अशी बाहेर काहून फिरून राहिलीस?" ती म्हणाली, "काका, सासरचे फोनो आणून राहिले. आणू द्या. पन तुमी बसा."

"मी बसून काय करू? मला काय येतं ते तुला ठाऊक न्हाई का?"

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तेच करा."

म्हणून मी बसलो. गणपतही आला, संबळाला नवी दोरी बांधून. वहिनींनी येऊन माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेवर घोंगडी घातली आणि तिच्यावर तुमची सनई ठेवली, खोळीतून काढून. मी नळी पेटीच्या सुराला लावून घेतली. आणि एक निश्चय तर आदल्या संध्याकाळीच केला होता. तुमच्या पोरीचं लग्न, तिच्या गळ्यात हार पडत असणार, तेव्हा पेटी उतरली की मी उतरणार. पूर्णेकाठचं भांडण मी हरायला तयार होतो. रात्रभर घरी ओठ सैल करून उतरायचा सराव केला होता. आमची मंडळी म्हणाली, "आता म्हैस झोपून राहिली वाटतं."

अक्षता पडल्या. फोनोवाल्यानं तबकडी सोडली. मी कान देऊन बसलो, आता उतरेल, आता उतरेल. मध्येच मला वाटलं, उतरली. मी ओठ सैल सोडले आणि हात धरून निघालो खाली.

पेटी उतरलीच नव्हती. नवी पेटी, वस्ताद! म्हणे दुहेरी कमान असते आतमध्ये, ढिली पडत नाही. मी एकटाच घरंगळत खाली गेलो, भर मांडवात, विहिरीत बादली सोडल्यासारखा. गणपत संबळावरच वाकला. वऱ्हाडी वळून बघायला लागले. आणि हार हातात धरून उभी असलेली सुंदर, तुम्ही गेल्यापासून जिच्या तोंडावर हसू म्हणून नव्हतं ती, मुंडावळ्या हलेपर्यंत हसली. नवरदेवाला कळेना काय झालं. ती त्याला म्हणाली, आणि मला ते ऐकू आलं, "आमचे काका हाईत ते."

म्हणजे ते भांडण काही मिटलं नाही. मी उतरलो, पण पेटी उतरली नाही. याचा निकाल काय लावायचा तो तुम्हीच लावा.

मी तसाच कसाबसा चढून माझ्या जागी आलो, आणि तबकडी संपली. संपायचीच, केवढीशी ती. तबकडीवरची टाचणी खरखरायला लागली. फोनोवाला आचाऱ्याकडं चहा मागायला गेलेला. कुणीतरी टाचणी उचलून ठेवली, आणि मांडवात उरला तो एक सूर. माझा. हार पडायचे राहिले होते. पाया पडणं राहिलं होतं. गणपतनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच संबळ सुरू केला.

सोयऱ्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "आन् सनई कुठाय?"

गणपतनं घोंगडीकडं मान हलवली. "वाजून राहिली की."

पोरीनं हार घातला. वाकून आईच्या पाया पडली, आणि मग सरळ माझ्याकडं आली. पण माझ्यापुढं नाही, माझ्या बाजूच्या घोंगडीपुढं वाकली. मी तिकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तुमची बोटं कुठं आहेत ते मला ठाऊक होतं. दुपारी दुपारी ती पाठ झाली होती. आता चढ. आता ती लाडकी जागा. आणि तिथं, मधल्या बोटाला, तुम्ही अजिबात चुकला नाहीत.

माझे डोळे मिटले असणार. कारण पुढचं मला आठवत नाही, ते एकदम वहिनींच्या आवाजापासून. पंगत बसली होती. वरणाचा वास येत होता. त्या माझ्यासमोर पत्रावळ घेऊन उभ्या होत्या, आणि कपाळावरचा पदर नीट करत म्हणाल्या,

"भाऊजी, सोडा आता. ते म्हणायचे ना, जेवणाच्या आधी."

तुम्ही कधीच थांबला होता, वस्ताद. मी सोडला.